नव्वद टक्क्यांचे होसकोटे

एकाच दिवशी, एकाच महामार्गावरच्या दोन शेजारी मतदारसंघांत मतदान होते. एका ठिकाणी शंभरातले नव्वद मतदार केंद्रावर जातात, तर दुसऱ्या ठिकाणी निम्मेदेखील जात नाहीत. ५ डिसेंबर २०१९ रोजी कर्नाटकातील १५ विधानसभा मतदारसंघांत पोटनिवडणूक झाली, तेव्हा नेमके हेच घडले. बंगळुरूच्या वेशीवरील होसकोटेत ९०.९० टक्के मतदान झाले. त्याला खेटून असलेल्या, महानगरात मोडणाऱ्या कृष्णराजपुरम मतदारसंघात ते ४७ टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही. पंधरा मतदारसंघांतील सर्वोच्च आणि नीचांकी अशा दोन्ही टोकांची नोंद एकाच रस्त्यावर, तासाभराच्या अंतरात झाली.

हा योगायोग म्हणून सोडून द्यावा, तर त्याआधीच्या वर्षीचा दाखला समोर येतो. मे २०१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत राज्याची सरासरी ७२ टक्क्यांच्या आसपास होती. त्यावेळी राज्यातील सर्वाधिक, म्हणजे जवळपास ९० टक्के मतदान होसकोटेतच झाले होते आणि सर्वात कमी, सुमारे ४८ टक्के, बंगळुरूच्याच दासरहळ्ळीत. २०२३ मध्ये पहिला मान मंड्या जिल्ह्यातील मेलुकोटेकडे गेला, पण तळाचा क्रमांक पुन्हा राजधानीतील सी. व्ही. रामन नगरानेच पटकावला. राजधानी झोपते आणि तिच्या वेशीवरचे गाव मतदानाला उठते, असा हा सिलसिला आहे. त्याचा अर्थ लावताना आपण सहसा एकच वाक्य उच्चारतो: खेड्यातला मतदार जागरूक, शहरी मतदार बेफिकीर. होसकोटेचा इतिहास आणि तेथील मतांचे आकडे जवळून पाहिले, तर हे वाक्य अपुरे पडते.

दोन घराण्यांची वेस

होसकोटे म्हणजे कन्नडमध्ये नवा किल्ला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मेगौडाने तो बांधला. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. विजापूरकरांनी शहाजीराजांना जी कर्नाटकातील जहागीर दिली, तीत बंगळुरू, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. पुढे ऑगस्ट १७६८ मध्ये हैदरअलीने इंग्रजांच्या बाजूने आलेल्या गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर याच होसकोटेजवळ रात्रीचा छापा घातला होता आणि त्यात त्याला माघार घ्यावी लागली होती. सत्तेच्या वाटेवरचे ठाणे ही या गावाची ओळख जुनी आहे. आज तेथून चेन्नईकडे जाणारा द्रुतगती मार्ग सुरू होतो, राजधानीभोवतीचा उपनगरी वर्तुळमार्ग तेथून जातो, व्होल्वोचा मालमोटारींचा कारखाना १९९८ पासून तेथे आहे आणि भल्या पहाटे तेथील दम बिर्याणीसाठी बंगळुरूची गर्दी उसळते. भाजीपाला, फुले, तुती आणि दूध यांवर जगणाऱ्या या तालुक्यात जमिनीचा भाव हा पिकाच्या भावाहून कितीतरी मोठा विषय झाला, त्याला आता दोन दशके होऊन गेली.

या दोन दशकांचे राजकारण मुख्यतः दोन नावांभोवती फिरले. एक बी. एन. बच्चेगौडा यांचे, दुसरे एम. टी. बी. नागराज यांचे. बच्चेगौडा जनता परिवारात वाढलेले, वक्कलिग समाजातील जुने नेते. नागराज कुरुब समाजातील, जमीनजुमल्याच्या व्यवहारातून पुढे आलेले. २०१८ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी एक हजार कोटींहून अधिक आणि २०२३ च्या प्रतिज्ञापत्रात सोळाशे कोटींच्या घरात मालमत्ता जाहीर केली होती. २००४ मध्ये काँग्रेसचे नागराज जिंकले. २००८ मध्ये भाजपमध्ये आलेले बच्चेगौडा जिंकले आणि येडियुरप्पा मंत्रिमंडळात मंत्री झाले. २०१३ मध्ये पुन्हा नागराज. २०१८ मध्ये बच्चेगौडांचे पुत्र शरत भाजपच्या चिन्हावर उभे राहिले आणि नागराज यांनी त्यांना ७,५९७ मतांनी हरविले.

हा फरक किती सूक्ष्म होता, हे हिशेब केल्यावर ध्यानात येते. एका केंद्रावर सरासरी आठशे मतदार धरले, तर अशा मतदारसंघात अडीचशेच्या वर केंद्रे होतात. म्हणजे दर केंद्रामागे फरक तीसएक मतांचा. प्रत्येक गावात पंधरा माणसे इकडून तिकडे गेली असती, तरी आमदार बदलला असता. जेथे पंधरा माणसे निकाल फिरवू शकतात, तेथे सोळावा माणूस घरी बसून राहिलेला कार्यकर्त्याला परवडत नाही. नव्वद टक्क्यांचे पहिले कारण हे आहे. मतदाराच्या जागरूकतेइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, वाटा दोन्ही गटांच्या जागरूकतेचा आहे.

चिन्हे बदलली, माणसे राहिली

होसकोटेच्या राजकीय कलाची खरी परीक्षा २०१९ मध्ये झाली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये काँग्रेस आणि जनता दलाच्या आमदारांनी राजीनामे दिले आणि कुमारस्वामी सरकार कोसळले. सभापती रमेश कुमार यांनी अपात्र ठरविलेल्या १७ आमदारांत नागराज होते. १३ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र पोटनिवडणूक लढविण्याची मुभा दिली. भाजपने नागराज यांना उमेदवारी दिली. ज्याच्याशी पंधरा वर्षे झुंज घेतली, त्याच्याच प्रचाराची पाळी बच्चेगौडा गटावर आली. त्याच वर्षी थोरले बच्चेगौडा चिक्कबळ्ळापूरमधून भाजपचे खासदार म्हणून निवडून आले होते. पुत्राने मात्र बंड केले, पक्षाने त्याला काढून टाकले आणि तो अपक्ष म्हणून उभा राहिला. जनता दलाने त्याला पाठिंबा दिला. काँग्रेसने पद्मावती सुरेश यांना रिंगणात आणले. त्याही कुरुब समाजाच्या असल्याने नागराज यांच्या हक्काच्या मतांना तेथे वाटेकरी निर्माण झाला.

निकाल असा लागला: शरत बच्चेगौडा ८१,६७१, नागराज ७०,१८५, पद्मावती सुरेश ४१,४४३. फरक ११,४८६ मतांचा. त्या दिवशी भाजपने राज्यात १५ पैकी १२ जागा जिंकून आपले सरकार स्थिर केले. पक्षांतर केलेल्यांपैकी बहुतेकांना मतदारांनी नव्या झेंड्यासह स्वीकारले. होसकोटेने स्वीकारले नाही. अपक्षाला निवडून देणारा तो एकमेव मतदारसंघ ठरला.

या आकड्यांची २०१८ च्या आकड्यांशी तुलना केली पाहिजे. त्या वर्षी भाजपच्या चिन्हावर शरत यांना ९१,२२७ मते होती. चिन्ह गेले, पक्ष गेला, नवे चिन्ह गावोगाव पोहोचवायला अर्जमाघारीनंतर जेमतेम दोन आठवडे मिळाले. तरी त्यांच्या पूर्वीच्या मतांच्या सुमारे नव्वद टक्के इतकी मते त्यांच्याकडे राहिली. नागराज यांना २०१८ मध्ये काँग्रेसच्या चिन्हावर ९८,८२४ मते होती. सत्ताधारी पक्षाचे चिन्ह आणि मुख्यमंत्र्यांचा प्रचार पाठीशी असूनही त्यांच्याकडे त्यांच्या जुन्या मतांच्या सुमारे एकाहत्तर टक्के इतकीच मते आली. काँग्रेसने उमेदवार नवा देऊनही ४१ हजारांवर मते घेतली. आकड्यांवरून एकेका मतदाराचा माग काढता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. नागराज यांच्या पारड्यात भाजपची स्वतःची काही मते असणार आणि शरत यांच्या पारड्यात जनता दलाची. तरीही ढोबळ चित्र स्पष्ट आहे. येथे मतांचा मोठा भाग कमळाचा वा हाताचा नाही, तो गटाचा आहे. पक्षाचा हिस्सा आहे, पण तो निर्णायक कधी होतो, तर दोन गटांपैकी एकाला त्याची जोड मिळते तेव्हा.

पुढचा अध्याय हेच सांगतो. शरत बच्चेगौडा काँग्रेसच्या गोटात गेले. पराभूत नागराज २०२० मध्ये विधान परिषदेवर गेले आणि पुढे पुन्हा मंत्री झाले. २०२३ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. मात्र २०१८ च्या तुलनेत झेंड्यांची अदलाबदल पूर्ण झालेली होती. तेव्हाचा भाजपचा उमेदवार आता काँग्रेसचा, तेव्हाचा काँग्रेसचा आता भाजपचा. शरत सुमारे पाच हजार मतांनी जिंकले. मार्च २०२४ मध्ये थोरल्या बच्चेगौडांनीही भाजप आणि खासदारकी सोडून काँग्रेसची वाट धरली. पाच वर्षांत दोन्ही गटांनी एकमेकांची घरे पालटली, पण कुंपण जेथल्या तेथे राहिले.

मराठी वाचकाला हे वाचताना कागलची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मंडलिक, घाटगे आणि मुश्रीफ ही तेथील गटांची नावे पक्षांच्या नावांहून जुनी आणि टिकाऊ आहेत. २०१९ मध्ये जागा शिवसेनेकडे गेल्याने समरजितसिंह घाटगे भाजपमधून बंड करून अपक्ष लढले आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ जिंकले. २०२४ मध्ये मुश्रीफ भाजपच्या मित्रपक्षाचे उमेदवार होते, तर घाटगे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे. मतदान ८० टक्क्यांच्या वर गेले. त्याच निवडणुकीत शेजारच्या करवीरमध्ये राज्यातील सर्वाधिक, सुमारे ८५ टक्के मतदान झाले आणि मुंबईतील कुलाब्यात सर्वात कमी, सुमारे ४४ टक्के. होसकोटे आणि कृष्णराजपुरम यांच्यातील दरी महाराष्ट्रात करवीर आणि कुलाबा यांच्या रूपाने तशीच्या तशी उभी आहे.

टक्केवारीचा छेद

मात्र टक्केवारी म्हणजे अंश आणि छेद. आपण चर्चा करतो ती अंशाची, म्हणजे किती लोक केंद्रावर गेले याची. छेदाकडे, म्हणजे यादीत किती नावे आहेत याकडे, दुर्लक्ष होते. होसकोटेच्या खेड्यातील यादी गावाला तोंडपाठ असते. मृत कोण, लग्न होऊन गेलेली लेक कोणती, बंगळुरूत कामाला असला तरी मतदानाला येणारा कोण, हे केंद्रावरील दोन्ही गटांच्या प्रतिनिधींना माहीत असते. शहरात भाड्याचे घर दर दोन-तीन वर्षांनी बदलते. जुन्या पत्त्यावरचे नाव तसेच राहते, नव्या पत्त्यावर दुसरे नोंदले जाते किंवा नोंदलेच जात नाही. यादीतील मृत, स्थलांतरित आणि दुबार नावे मतदानाला येणे शक्य नसते, पण टक्केवारी खाली ओढण्याचे काम ती चोख बजावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये काँग्रेस नेते राहुल गांधी यांनी ज्या महादेवपुरा मतदारसंघाच्या यादीत एक लाखाहून अधिक नावांचा घोळ असल्याचा आरोप केला, तो याच पूर्व बंगळुरूच्या पट्ट्यातील आहे. आयोगाने तो आरोप फेटाळला. आरोप-प्रत्यारोपांत न शिरताही एवढे म्हणता येईल की, वेगाने वाढणाऱ्या उपनगराची यादी ही कोणत्याही पक्षाला, मतदाराला वा अधिकाऱ्याला छातीठोकपणे बिनचूक म्हणता यावी अशी राहिलेली नाही. त्या यादीवर काढलेली टक्केवारी शहरी मतदाराच्या चारित्र्याचा दाखला म्हणून मिरविणे, हे त्याच्यावर काहीसे अन्यायाचे आहे.

अमेरिकेत हा छेदच निराळा असतो. तेथील अभ्यासक नोंदणीकृत मतदारांऐवजी मतदानास पात्र असलेल्या सर्व नागरिकांच्या संख्येने भागतात. २०२० मध्ये अशा पद्धतीने निघालेले सुमारे ६६ टक्के मतदान शतकभरातील उच्चांक मानले गेले. न्यू हॅम्पशायर राज्यातील डिक्सव्हिल नॉच ही चिमुकली वस्ती मध्यरात्री मतदान उरकून देशातील पहिला निकाल जाहीर करण्यासाठी प्रसिद्ध आहे. २०२० मध्ये तेथील पाचही मते बायडेन यांना मिळाली, २०२४ मध्ये सहा मते तीन-तीन अशी विभागली. तेथे शंभर टक्के मतदान होते, कारण सर्व मतदार एका खोलीत मावतात आणि कोण आले नाही हे सर्वांना दिसते. होसकोटेचे खेडे त्याहून पुष्कळ मोठे असले, तरी हा नियम तेथेही लागू पडतो. जेथे गैरहजेरी दिसते, तेथे हजेरी वाढते.

हजेरीची किंमत

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. गैरहजेरी दिसते, तेव्हा तिची किंमत कोण वसूल करतो? दोन गटांत विभागलेल्या गावात दूध संस्था, ग्रामपंचायत, रेशन, रस्ता, पाण्याची जोडणी ही सारी त्याच दोन गटांच्या हातून जाते. कर्नाटकात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्यामुळे गटांची बांधणी पक्षाविना, घरोघर आणि गल्लोगल्ली होते. तिचाच उपयोग विधानसभेला होतो. अशा गावात मतदानाला न जाणे ही उदासीनता ठरत नाही, ती फितुरी ठरते. आपण कोणाचे, हे आधीच ठरून गेलेले असते. केंद्रावर जाऊन केवळ मोजणीत उभे राहायचे असते. मत गुप्त असते, पण गट गुप्त नसतो.

त्यात पैशाची भर पडते. २०२३ च्या निवडणुकीत कर्नाटकात आयोगाच्या यंत्रणेने रोख, मद्य, दागिने आणि भेटवस्तू मिळून सुमारे ३७५ कोटींचा ऐवज पकडला. २०१८ च्या तुलनेत हे प्रमाण चौपटीहून अधिक होते. हा आकडा संपूर्ण राज्याचा आहे आणि तो कोणा एका मतदारसंघाच्या माथी मारता येत नाही. परंतु चुरशीच्या लढतीत दोन्ही बाजूंनी ओतला जाणारा पैसा मतदान वाढवितो, हे उघड गुपित आहे. २०१९ चा होसकोटेचा निकाल मात्र या गृहीतकालाही एक मर्यादा घालतो. देशातील अतिश्रीमंत उमेदवारांत गणना होणारा माणूस सत्ताधारी पक्षाच्या पाठबळासह तेथे दोनदा, प्रथम अपक्षाकडून आणि नंतर काँग्रेसकडून, हरला. पैशाने मतदार घराबाहेर निघत असेलही. तो कोणते बटण दाबील याची हमी पैसा देत नाही. इतर बहुतेक ठिकाणी पक्षांतराला जी क्षमा मिळाली, ती येथे मिळाली नाही. नव्वद टक्क्यांमागे केवळ मेंढरांचा कळप आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल विसरू नये.

तरीही या प्रचंड हजेरीतून तालुक्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न शिल्लक राहतोच. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत होसकोटे तालुका अतिउपशाच्या यादीत आहे. तळी आटली, कूपनलिका खोल गेल्या, शेताचे भूखंड झाले. जिल्ह्याला ‘बंगळुरू उत्तर’ असे नाव देण्याचा निर्णय जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. ग्रामीण हा शब्द गळून पडला की जमिनीचे भाव वाढतील, अशी आशा त्यामागे अनेकांना होती. पाणी, जमिनीचा वापर आणि शहराचे सांडपाणी या तीन प्रश्नांवर होसकोटेचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे आणि नेमके हेच प्रश्न दोन गटांच्या लढतीत मागे पडतात. कारण गटाचे मत प्रश्न पाहून बदलत नाही. जे मत बदलण्याची भीती नाही, त्याच्यासाठी घाम गाळण्याची उमेदवाराला गरज वाटत नाही. कोण आपला, हे ठरविण्यात नव्वद टक्के ताकद खर्च होते. आपल्याला काय हवे, हे विचारायला उरते ती दहा टक्के.

आणि शहराचे काय? बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूकच झाली नाही. २०२५ मध्ये महापालिकेची पाच महापालिकांत विभागणी होईपर्यंत कारभार प्रशासकांच्याच हाती राहिला. मुंबईची कथा वेगळी नाही. तेथील महापालिका मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या ताब्यात होती. ज्या पातळीवर मतदाराला आपल्या मताचा परिणाम गल्लीत दिसतो, ती पातळीच गोठवून ठेवायची आणि मग विधानसभेला तो आला नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवायचे, हा दुटप्पीपणा झाला. होसकोटेच्या शेतकऱ्याला पंचायतीच्या निवडणुकीने मतदानाची सवय लावली. कृष्णराजपुरमच्या भाडेकरूला तशी सवय लागावी, अशी सोय त्याच्या राज्यकर्त्यांनीच ठेवली नाही.

म्हणून या दोन शेजाऱ्यांना एकमेकांपासून शिकण्यासारखे आहे. शहराने खेड्याकडून यादीची निगा आणि स्थानिक निवडणुकीची शिस्त घ्यावी. दर वर्षी घरोघर पडताळणी, पत्ता बदलताच नाव बदलण्याची सुलभ सोय आणि महापालिकांच्या निवडणुका मुदतीत, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी शहरी टक्केवारी उपदेशाशिवाय वर येईल. खेड्याने शहराकडून घ्यायची गोष्ट याहून अवघड आहे: कोणाचाही नसण्याचे स्वातंत्र्य. ते मिळाल्याने होसकोटेचे नव्वद टक्के कदाचित ऐंशीवर येतील. पण त्या ऐंशींतील पंधरा-वीस टक्के मतदार आपले मत राखून, प्रश्न विचारून देऊ लागले, तर पाच-दहा हजारांच्या फरकाने जिंकणाऱ्या कोणत्याही आमदाराला त्यांच्या तळ्याकडे आणि सातबाऱ्याकडे पाहावे लागेल.

शहर होसकोटेच्या दिशेने सरकत आहे. सुगटूरच्या तम्मेगौडाने बांधलेली वेस आता नकाशावर कोठे संपते आणि बंगळुरू कोठे सुरू होते, हे सांगणे दरवर्षी कठीण होत चालले आहे. येत्या निवडणुकांत या मतदारसंघाच्या यादीत द्रुतगती मार्गालगतच्या इमारतींतील नावे वाढतील. त्यांना ना बच्चेगौडा ठाऊक असतील, ना नागराज. टक्केवारी घसरेल आणि मग जुनीच वाक्ये पुन्हा लिहिली जातील. त्या वेळी घसरलेल्या आकड्यापेक्षा एक गोष्ट तपासून पाहावी लागेल: नव्याने आलेल्या मतदाराला गटाच्या दारातून न जाता आपल्या गावात काही मागता येते की नाही. होसकोटेच्या लोकशाहीची खरी टक्केवारी ती असेल.